परसांतील कोंबड्यांचे जंत व त्यांचा बंदोबस्त

मालवणच्या किनाऱ्यावर ज्याच्या दारांत माड आहे त्याच्या परसांत बहुधा दहापांच कोंबड्याही असतात. त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, म्हणून त्यांपासून होणारें नुकसानही कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मानमोडी आली म्हणजे दोन दिवसांत खुराडें ओस पडतें व गांवभर बोभाटा होतो. जंतांनीं होणारी हानि मात्र मुकाट्यानें चालते. कोंबडी खाते, पण अंगीं लागत नाहीं. तुरा फिका पडतो, छातीचें हाड हातास लागतें, पंख सैल सोडून ती कोपऱ्यांत उभी राहते व अंडीं घालीनाशी होते. मोठी कोंबडी बहुधा यांतून तगते. तीन महिन्यांच्या आंतील पिल्लें दगावतात.

हीं लक्षणें इतर रोगांतही दिसतात, म्हणून आधीं खात्री करून घ्यावी. तिचें साधन आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. पाहुण्यांकरितां कोंबडी कापली म्हणजे तिचें आंतडें कात्रीनें उभें चिरून पाहावें. शेवयांसारखे पिवळट पांढरे, दोन ते चार इंच लांब जंत सांपडले तर तो मोठा गोल जंत होय. शास्त्रांत त्यास आस्कॅरिडिया गॅली म्हणतात. विष्ठेंत किंवा आंतड्यांत तांदळाच्या कणीएवढे चपटे तुकडे दिसले तर पट्टकृमि समजावा. तपासलेलें आंतडें खोल पुरून टाकावें. तें उरलेल्या कोंबड्यांपुढें फेंकण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. परंतु जंताच्या मादीच्या पोटांत हजारों अंडीं असतात, आणि त्यांचें बीं आपणच आपल्या अंगणांत पेरतों.

हें अंडें विष्ठेबरोबर बाहेर पडतें त्या वेळीं निरुपद्रवी असतें. ऊब व ओल मिळाली म्हणजे सुमारें १० ते १२ दिवसांत त्यांत अळी तयार होते, आणि मग तें टिपणाऱ्या कोंबडीस बाधा होते. अळी कांहीं दिवस आंतड्याच्या अस्तरांत शिरून राहते, नंतर बाहेर येऊन वाढते, व ५ ते ८ आठवड्यांनीं तिचीं अंडीं विष्ठेंत दिसूं लागतात. ओलसर सावलींत हीं अंडीं महिनोन्महिने जगतात. कडक ऊन व कोरडेपणा यांपुढें टिकत नाहींत. आमच्या कोंकणांत रोग बळावतो तो यामुळेंच. पावसाचे चार महिने खळ्यांत चिखल, माडाखालीं सावली, आणि कोंबड्या पडवीच्या कडेच्या दोन हात कोरड्या जागेंत दिवसभर दाटीनें उभ्या. तेथेंच खाणें व तेथेंच विष्ठा. औषधानें कोंबडीचें पोट रिकामें होतें, पण अंगण भरलेलेंच राहतें.

म्हणून खुराड्यांतील भाताचें तूस व विष्ठा दर आठवड्यास, म्हणजे अंडीं पिकण्यापूर्वींच, काढून खताच्या खड्ड्यांत दाबावी. तेथील उष्णतेनें तीं मरतात. चुन्याच्या सफेतीवर भिस्त ठेवूं नये, या अंड्याचें कवच चिवट असतें. उकळतें पाणी अधिक खात्रीचें. खुराड्याची जमीन हातभर उंच करून चिवारीच्या कामट्यांची केली तर विष्ठा खालीं गळते. पट्टकृमि मात्र मुंग्या, भुंगेरे व माश्या यांच्या द्वारें येतो. त्यासाठीं उकिरडा खुराड्यापासून दूर हवा.

आतां औषध. पायपरेझिन हें १९५० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. तें वाढलेल्या गोल जंतांस गुंगवून बाहेर काढतें. अस्तरांतील अळ्यांवर किंवा पट्टकृमीवर त्याचा भरंवसा नाहीं. म्हणूनच तीन आठवड्यांनीं दुसरी मात्रा द्यावी लागते, आणि ती टाळणाऱ्यांची पहिली मात्रा फुकट जाते. अल्बेंडाझोल अधिक प्रकारच्या जंतांवर चालतें. त्याचें प्रमाण वजनाच्या दर किलोस १० ते २० मिलिग्रॅम. शेंकडा अडीच शक्तीच्या द्रवांत दर मिलिलिटरास २५ मिलिग्रॅम औषध असतें; म्हणजे दीड किलोच्या कोंबडीस किमान प्रमाणानें ०.६ मिलिलिटर पुरे. बाटली आणण्यापूर्वीं पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून घ्यावें.

औषध पाण्यांतून द्यावें असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. पावसाळ्यांत तें आपल्याकडे जमत नाहीं, कारण जिकडेतिकडे डबकीं असतां कोंबडी भांड्याकडे फिरकतही नाहीं. संध्याकाळीं ती खुराड्यांत शिरली म्हणजे एकेकीस धरून, सुई काढलेल्या पिचकारीनें चोंचीच्या कडेनें थेंब थेंब सोडावें. घाई केल्यास तें श्वासनळींत जातें. एक फेरी पावसापूर्वीं वैशाखांत, व दुसरी पाऊस सरून आपण खळें नव्यानें चोपून सारवतों तेव्हां करावी. पिल्लांस पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांचीं असतां द्यावी. मानमोडीची लस टोंचावयाची असेल तर आधीं आठवडाभर जंत पाडावे.

कोणी तंबाखूचें पाणी पाजतात. अमेरिकेंतही एके काळीं खाद्यांत तंबाखूची पूड मिसळीत. परंतु जंतास मारणारें व कोंबडीस मारणारें प्रमाण यांत अंतर थोडें, म्हणून या वाटेस जाऊं नये. त्यापेक्षां शेवग्याचा पाला बरा. तो जंत मारीत नाहीं. पण अ जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या पिल्लांत गोल जंत अधिक माजतात, असें कॅन्सस येथील ॲकर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३१ मध्यें दाखविलें आहे, आणि शेवग्यांत तें भरपूर असतें. कोंडून ठेवलेल्या पिल्लांस तो रोज चिरून घालावा, व जोडीस सुकटीचा चुरा द्यावा.

औषध दिल्यावर किती दिवस अंडीं व मांस खाऊं नये तें बाटलीवर लिहिलेलें असतें, किंवा दवाखान्यांत कळतें. तितके दिवस तीं बाजारांतही पाठवूं नयेत.