लेबल सुटले, की नाव सुटले

शेतकरी बंधूंनो, आपल्या कोरेगाव तालुक्यात आल्याचा भाव किलोवर बोलला जात नाही, गाडीवर बोलला जातो. गाडी म्हणजे ५०० किलो. ती एकदा व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढली, की तुमचे आले कोणते आणि शेजाऱ्याचे कोणते हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. वर्षभर राबून, कंदकुजीशी झुंजून पिकवलेल्या मालाला स्वतःचे नाव नसते. आणि नाव नाही म्हणून भाव करायला तोंड नसते.

यावर उपाय म्हणून बचतगट आणि काही तरुण शेतकरी आल्याची पेस्ट, आले-लसूण पेस्ट, हळद असा माल तयार करून स्वतःच्या नावाने विकू पाहतात. माल चांगला होतो. गाडे अडते ते डबीवर आणि ट्यूबवर. छापील ट्यूब परवडत नाही आणि चिकटवलेले लेबल टिकत नाही. आज या लेबलाचाच विचार करू. विषय बारीक वाटेल. पण दुकानात गिऱ्हाईक तुमचे आले चाखून घेत नाही, लेबल वाचून घेते.

छापील की चिकटवलेले?

उद्या सकाळी दात घासताना हातातली ट्यूब नीट निरखून बघा. तिच्यावरचे नाव नखाने निघत नाही, कारण ते छापलेले आहे. अशा बहुतेक ट्यूबांमध्ये आधी सपाट पत्र्यावर छपाई होते, मग त्या पत्र्याची गुंडाळी करून नळी जोडतात. ॲल्युमिनियमच्या मलमाच्या ट्यूबवर आधी रंगाचा हात देऊन मग छपाई करतात. दोन्हीकडे यंत्र मोठे, छपाईची तयारी खर्चाची. म्हणून कारखानदार हजारोंच्या घरातली ऑर्डर मागतो. बरे, एवढ्या ट्यूबा घेतल्या आणि पुढच्या वर्षी पत्ता, वजन किंवा किंमत बदलली, तर उरलेल्या ट्यूबा भंगारात.

इथे चिकट लेबल कामाला येते. कोरी पांढरी ट्यूब घ्यायची आणि वर लेबल लावायचे. लेबले काही शेकड्यांतही छापून मिळतात. आल्याची पेस्ट, लसणाची पेस्ट, मिरचीची पेस्ट, ट्यूब एकच. लेबल तेवढे बदलायचे. माल खपला नाही तरी नुकसान लेबलापुरते.

ट्यूब ही मुळात चित्रकाराची सोय. जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली रंग भरण्यासाठी धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले. मागचा कागद सोलून चिकटवायचे लेबल अमेरिकेतच १९३५ साली स्टँटन एव्हरी याने काढले. त्याआधी बाटलीला खळ लावून कागद डकवायचे. आजच्या लेबलाचे चार थर असतात. वरचा कागद किंवा प्लास्टिकचा पापुद्रा, त्याखाली गोंद, त्याखाली सिलिकॉनचा गुळगुळीत थर आणि शेवटी सोलून टाकायचा कागद. छापणाऱ्याकडे गेलात की फक्त रंग आणि चित्र बघू नका. पहिले दोन थर कोणते, ते विचारा.

लेबल का सुटते?

समजा, तुमच्या गटाने साध्या कागदाचे लेबल ट्यूबला लावले. पहिल्या दिवशी झकास दिसते. गिऱ्हाईक ट्यूब दाबते. ट्यूब वाकते, पुन्हा फुगते. कागद काही तिच्यासोबत वाकत नाही. त्याला सुरकुत्या पडतात, कडा उचलतात. ओल्या हाताने धरले की कागद भिजतो. पंधरा दिवसांत नाव अर्धे फाटलेले, आणि गिऱ्हाइकाच्या मनात एकच शंका, माल जुना दिसतोय!

काचेच्या बरणीला कागद चालतो, कारण बरणी दबत नाही. ट्यूबला मात्र ट्यूबसारखेच मऊ लेबल हवे, म्हणजे पॉलिथिलीनच्या पापुद्र्याचे. ट्यूब दबेल तशी ती दबते आणि पूर्ववत होते.

दुसरी अडचण गोंदाची. पॉलिथिलीनवर पाणी टाकले तर ते पसरत नाही, त्याचे थेंब होतात. गोंदाचेही तसेच, तो नीट पसरत नाही म्हणून धरत नाही. त्यासाठी ट्यूबच्या कारखान्यात तिच्या अंगावरून आच किंवा वीज फिरवून पृष्ठभाग गोंद धरण्याजोगा करतात. कोरी ट्यूब विकत घेताना ‘लेबल लावण्यासाठी प्रक्रिया केलेली आहे का?’ हे विचारा, आणि ती खाद्यपदार्थासाठीची आहे असे लेखी घ्या.

बाकीच्या चुका आपल्या हातच्या. तेलकट बोटांनी ट्यूब हाताळू नका. फ्रीजमधून काढलेल्या, घाम सुटलेल्या ट्यूबवर लेबल लावू नका. भरण्याआधी, कोरड्या ट्यूबवर लावणे उत्तम. मधून बाहेर असे दाबत न्या, म्हणजे हवेचे फुगे राहत नाहीत. लेबलाचे कोपरे गोल कापून घ्या. टोकदार कोपरा आधी उचलतो. ट्यूबचे खालचे तोंड जिथे दाबून बंद होते, तिथपर्यंत लेबल नेऊ नका, नाहीतर तोंड नीट बंद होणार नाही. लावल्यावर एक दिवस तरी ट्यूबा तशाच ठेवा. गोंद पूर्ण धरायला वेळ लागतो.

हजार लेबले छापण्याआधी दहा ट्यूबांना लावून बघा. दोन फ्रीजमध्ये ठेवा, दोन उन्हात, दोन तेलाच्या हाताने रोज दाबा, दोन ओल्या करा, दोन तशाच ठेवा. आठ दिवसांनी कडा बघा, शाई बघा. घरच्या प्रिंटरची शाई पाण्याने पसरते आणि वजनकाट्याच्या पावतीसारखा उष्णतेवर छापणारा कागद काळवंडतो किंवा पुसट होतो. बियाण्याची उगवणक्षमता तपासल्याशिवाय आपण पेरणी करतो का? मग लेबलाची का नको?

लेबल म्हणजे कबुलीजबाब

आता मुद्द्याचे. लेबल टिकले म्हणजे झाले नाही, ते खरेही असावे लागते. वैधमापनाचे आवेष्टित वस्तूंचे नियम २०११ सालचे आहेत. माहिती पाकिटावर छापलेली किंवा घट्ट चिकटवलेल्या लेबलावर हवी, असे त्यात आहे. म्हणजे चिकट लेबल कायदेशीर आहे, पण सुटणारे लेबल ही नुसती शोभेची खोट नाही, ती नियमाचीही चूक आहे.

अनेकांना एक गोष्ट माहीत नसते. सक्तीची माहिती नुसत्या मराठीत चालत नाही. ती देवनागरी लिपीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते. मराठी सोबत जरूर लिहा, पण एकटी मराठी पुरत नाही. भर बाजारात माल अडकण्याआधी हे ध्यानात घ्या.

किमतीचेही तसेच. भाव वाढला म्हणून जुन्या कमाल किमतीवर नवी चिठ्ठी डकवता येत नाही. किंमत कमी करायची असेल तर चिठ्ठी लावता येते, पण जुनी किंमत झाकायची नाही.

आणखी एक मोह आवरा. आल्याची पेस्ट हे अन्न आहे. हळदीचे क्रीम किंवा सांधेदुखीचे मलम हे अन्न नव्हे. त्याला सौंदर्यप्रसाधनाचा किंवा औषधाचा वेगळा परवाना लागतो. पेंढरकरांच्या विको टर्मरिकची ट्यूब घराघरात आहे. ती औषध की प्रसाधन, या करआकारणीच्या वादात प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तेव्हा ट्यूबवर काय लिहिता याला किंमत आहे. ‘मधुमेह बरा होतो’, ‘संधिवातावर रामबाण’ असे तर चुकूनही छापू नका. १९५४ च्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात लेबल हीसुद्धा जाहिरातच धरली आहे.

चौकट : पेस्टच्या लेबलावर काय हवे?
• पदार्थाचे नाव. घटक, जास्त प्रमाणातला आधी
• बनवणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता
• ट्यूब सोडून आतल्या मालाचे निव्वळ वजन
• कमाल विक्री किंमत, सर्व करांसह. एका ग्रॅमला पडणारी किंमत
• उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावे, बॅच नंबर
• एफएसएसएआयचे चिन्ह व १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक
• शाकाहारी मालाची हिरवी खूण, पोषणमूल्ये
• तक्रारीसाठी दूरध्वनी व ई-मेल

वाघ्याचे नाव कोणाचे?

ट्यूब असो की घेवड्याचे पाकीट, प्रश्न नावाचाच आहे. आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेघांचे हे दाणे उत्तर कोरेगावची ओळख आहेत. पण मानांकन तालुक्याला मिळाले म्हणून ते आपोआप तुमच्या पाकिटावर येत नाही. ते छापायचे, तर चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. दुसऱ्याच राजम्याला वाघ्याचे मानांकन डकवणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हा कायदा आपल्या बाजूचा आहे. पण आपणच नोंद केली नाही, तर आपल्याच नावाने दुसरा कोणी माल विकेल आणि आपण बघत बसू.

ग्रामसेवक, कृषी सहायक आणि बचतगटांच्या समन्वयकांना एक विनंती. प्रशिक्षणात पेस्ट करायला शिकवता, तसा एक दिवस लेबलालाही द्या. छापखान्यात जाण्याआधी प्रत्येक गटाचा मसुदा वरच्या चौकटीशी ताडून बघा. पाच-सहा गटांनी मिळून कोऱ्या ट्यूबा आणि लेबले एकदम घेतली तर दरातही फरक पडतो. चुकलेले लेबल कागदावर दुरुस्त करायला पेन्सिल पुरते. बाजारात गेल्यावर सगळा माल परत आणावा लागतो.

आणि बंधूंनो, बायाबापड्यांनी रात्र रात्र जागून केलेला माल आहे हा. इतकी वर्षे तो गाडीच्या ढिगात बेनाव गेला. आता त्याच्या अंगावर तुमच्या गावाचे नाव लागणार आहे. आधी दहा ट्यूबांवर लावा, आठ दिवस बघा, मगच हजार छापा.