सोळा जागा आणि रुग्ण

वैद्यकीय प्रवेशातील विविधतेवर चर्चा सुरू झाली की ती गुण आणि अन्याय या दोन शब्दांभोवती फिरत राहते. मला त्या वादात रुग्ण शोधावासा वाटला. वैद्यकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. अमेरिकेतील न्यायनिवाडे हौसेने वाचत आलो, त्यातून जे हाती लागले ते मांडतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई व मूळनिवासी वंशाच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असत. दोनदा प्रवेश नाकारलेला गोरा उमेदवार अ‍ॅलन बाक्की न्यायालयात गेला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही राखीव पद्धत रद्द केली. अनेक निकषांपैकी एक म्हणून वंशाचा विचार मात्र चालेल, असे ठरले. न्यायमूर्ती पॉवेल यांनी निकालपत्रात एक भेद केला. निरनिराळ्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी एकत्र शिकले तर साऱ्यांचेच शिक्षण समृद्ध होते, हे त्यांनी मानले. उपेक्षित वस्त्यांना यातून चांगली सेवा मिळेल, हा विद्यापीठाचा युक्तिवाद मात्र पुराव्याअभावी फेटाळला. थोडक्यात, वर्गाचा लाभ ग्राह्य ठरला, रुग्णाचा राहून गेला.

तसा पुरावा सुमारे चाळीस वर्षांनी त्याच राज्यातील ओकलंड शहरात मिळाला. मार्सेला अल्सान आणि सहकाऱ्यांनी न्हाव्यांची दुकाने वगैरे ठिकाणी जाऊन सुमारे १३०० कृष्णवर्णीय पुरुष गाठले. तपासणीला आलेल्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कृष्णवर्णीय किंवा अन्य डॉक्टर नेमून दिले. डॉक्टरचे नुसते छायाचित्र पाहून तपासण्या निवडताना दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. प्रत्यक्ष बोलणे झाल्यावर मात्र कृष्णवर्णीय डॉक्टरकडचे रुग्ण मधुमेह, कोलेस्टेरॉल अशा रक्त काढाव्या लागणाऱ्या तपासण्यांना अधिक संख्येने तयार झाले.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेश मागताना आनंदीबाई जोशी यांनी हेच कारण दिले होते: आपल्या देशभगिनी पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात.

२०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश पाहण्याची वाट जवळजवळ बंद केली. प्रत्येकाला आपल्याच समाजाचा डॉक्टर हवा, असे मी म्हणत नाही. पण प्रवेशयादी लावताना जागा कोणाला मिळाली एवढेच आपण पाहतो. उद्या त्या डॉक्टरसमोर कोण मोकळेपणाने बोलेल, हाही गुणवत्तेचाच प्रश्न आहे.