दाम म्हणजे काय? खानदेशचा सारा तांब्याच्या नाण्यात का मोजला जाई?

‘किती दाम झाले?’ असे आपण आजही विचारतो. पण दाम हे एकेकाळी खरोखरचे नाणे होते. तांब्याचे, सुमारे २१ ग्रॅम वजनाचे, चांगले जाडजूड. त्याचा आठवा भाग म्हणजे दमडी. चिक्कू माणूस चमडी देतो पण सोडत नाही, तीच ही दमडी!

हे वजन शेरशाह सूरीच्या काळात ठरले आणि अकबराने ते पुढे चालवले. एका रुपयाला ४० दाम असा हिशेब होता. चाळीसचा आकडा त्याआधीही एका तांब्याच्या नाण्याशी जोडलेला दिसतो. इ. स. ४९८ मध्ये बायझंटाईन सम्राट अनास्तासिअस याने ४० नुम्मी किमतीचे ‘फोलिस’ काढले. त्यावर ‘M’ हे ठळक अक्षर असे, कारण ग्रीक आकडेमोडीत त्याचा अर्थच ४०.

आता खानदेशाकडे येऊ. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि फारुकी राजवट संपली. रावेरला लागून असलेले बुऱ्हाणपूर मुघलांच्या हाती आले. ‘आईन-इ-अकबरी’नुसार इथला सारा १,२६,४७,०६२ वऱ्हाडी टंके होता. विजयानंतर तो थेट दीडपट केला गेला. एक टंका २४ दामांचा, म्हणून एकूण ४५,५२,९४,२३२ दाम. रुपयांत सांगायचे तर १ कोटी १३ लाखांहून अधिक. राज्य बदलले, त्याची किंमत रयतेच्या माथी अशी बसली.

पुढे मात्र तांबे महागले. युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत अमेरिकेतली चांदी हिंदुस्थानात येत होती, तर तांबे तेवढे मिळत नव्हते. डच कंपनी ते जपानहून आणून विकू लागली. १६६० च्या दशकात रुपयाला वीस दामही मिळेनात. मजुरी चांदीत ठरली असेल, तर बाजारात मोडल्यावर हातात कमी दाम येत. शेवटी औरंगजेबाने नाण्याचे वजन सुमारे एक तृतीयांशाने घटवले. फोलिसचेही असेच झाले होते: जस्टिनियनच्या काळात वीस ग्रॅमच्या वर गेलेले ते नाणे हेराक्लिअसच्या अखेरीस पाच ग्रॅमच्या आसपास उरले.

गंमत म्हणजे दफ्तरात रुपयाचे दाम चाळीसच राहिले. जहागिरींचे आकडे त्याच जुन्या दराने लिहिले जात, बाजारात काहीही चालू असो.