अपघातांची वही काय सांगते?

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक जाडजूड वही असते. तिला ‘ब्रेकेज रजिस्टर’ म्हणतात. काही फुटले-तुटले की तिच्यात तारीख, वस्तू, किंमत, टेबलाचा क्रमांक आणि विद्यार्थ्याचे नाव लिहायचे व तेवढी रक्कम त्याच्या अनामतीतून कापायची, असा जुना रिवाज आहे. एका सुट्टीत आमच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेतील ही वही मी सहज चाळत होतो. तेव्हा ध्यानात आले, की फुटलेल्या तापमापकांपैकी बहुतेक खिडकीजवळच्या एकाच टेबलावरचे आहेत. जाऊन पाहिले, तर ते टेबल किंचित उतरते होते आणि त्याच्या कडेची लाकडी पट्टी निघून गेली होती. गोल दांडीचा तापमापक ठेवला की तो घरंगळत खाली येई. सुताराकडून पट्टी ठोकून घेतली. दोष टेबलाचा होता आणि पैसे मात्र आम्ही वर्षानुवर्षे मुलांकडून घेत होतो!

मागच्या नुकसानीच्या नोंदींवरून पुढच्या धोक्याचा अंदाज बांधणे, हेच काम विमा कंपन्या आणि कारखान्यांतील सुरक्षा अधिकारी फार मोठ्या प्रमाणावर करतात. कारखान्याचा विमा उतरवताना मागील काही वर्षांतील आगी, स्फोट, इजा आणि त्यांपायी झालेला खर्च यांचा तपशील मागितला जातो. त्यावरून हप्ता ठरतो. ही वही वाचायची कशी आणि ती कुठे फसवते, ते आज पाहू.

नुसती संख्या पुरेशी नाही

समजा, ‘अ’ कारखान्यात पाच वर्षांत २ गंभीर अपघात झाले आणि ‘ब’ कारखान्यात १० झाले. अधिक धोक्याचा कोणता? ‘ब’ असे उत्तर देण्याची घाई करू नका. ‘अ’मध्ये २०० कामगार आहेत आणि ‘ब’मध्ये २,०००. म्हणजे ‘अ’मध्ये पाच वर्षांत २०० गुणिले ५, अर्थात १,००० ‘कामगार-वर्षे’ काम झाले, ‘ब’मध्ये १०,०००. दर हजार कामगार-वर्षांमागे ‘अ’चा दर २ पडतो आणि ‘ब’चा १. उत्तर उलटे झाले! अपघातांची संख्या हा अंश आहे. त्याखाली छेद मांडल्याशिवाय तिला अर्थ येत नाही. बसगाड्यांसाठी हा छेद धावलेल्या किलोमीटरांचा असेल, तर गोदामासाठी साठवलेल्या मालाच्या किमतीचा.

शिवाय अपघात किती वेळा होतो आणि एकेकाने किती नुकसान होते, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. वर्षातून दहा वेळा हजार रुपयांचे नुकसान आणि शंभर वर्षांतून एकदा दहा लाखांचे नुकसान, या दोहोंची वार्षिक सरासरी सारखीच, म्हणजे दहा हजार रुपये येते. पण पहिले नुकसान कारखाना स्वतः सोसू शकतो. दुसऱ्याने तो बुडेल. विमा खरा लागतो तो दुसऱ्यासाठी.

घोड्याच्या लाथा

आता एक प्रश्न. ‘अ’चा दर ‘ब’च्या दुप्पट आला, म्हणून ‘अ’चा मालक निष्काळजी ठरतो का? या प्रश्नाचे उत्तर एका विलक्षण नोंदवहीत सापडते. लाडिस्लाउस बोर्टकिएविच या गणितज्ञाने १८९८ साली आपल्या पुस्तकात प्रशियाच्या सैन्यातील नोंदी मांडल्या. घोड्याची लाथ लागून किती सैनिक मेले, याच्या त्या नोंदी होत्या. १८७५ ते १८९४ या २० वर्षांतील १० सैन्यदळे घेतली, तर २०० ‘दळ-वर्षे’ होतात. त्यांत एकूण मृत्यू १२२, म्हणजे सरासरी ०.६१.

हे मृत्यू समान वाटले गेले नव्हते. १०९ दळ-वर्षांत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका दळ-वर्षात तर चार! त्या चारवाल्या दळाचे घोडे जास्त मस्तवाल होते काय? फ्रेंच गणितज्ञ पॉयसाँ याच्या सूत्राने, धोका सर्वांना सारखाच आहे असे धरून हिशेब केला, तर अपेक्षित आकडे अनुक्रमे सुमारे १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि ०.६ येतात. प्रत्यक्ष आकड्यांशी ते किती जुळतात पाहा! म्हणजे कोऱ्या वर्षांचे श्रेय आणि चार मृत्यूंच्या वर्षाचा दोष, दोन्ही बहुतांशी योगायोगाकडे जातात. घटना दुर्मिळ असली, की थोड्याशा नोंदींवरून शहाणा आणि निष्काळजी वेगळे काढता येत नाहीत.

मग विमा कंपनीने करावे काय? अमेरिकेतील अल्बर्ट व्हिटनी याने १९१८ साली यावर तोडगा मांडला. कारखान्याचा स्वतःचा अनुभव आणि त्या संपूर्ण उद्योगाचा अनुभव यांची मिसळ करावयाची. स्वतःच्या नोंदी जितक्या जास्त, तितका त्यांना वजनाचा वाटा अधिक. समजा, त्या उद्योगाचा सरासरी दर १.२ आहे. ‘अ’च्या नोंदी थोड्या, म्हणून त्यांना ०.२ वजन दिले आणि उद्योगाच्या सरासरीला ०.८. ‘अ’चा अंदाज २ × ०.२ + १.२ × ०.८ = १.३६ येतो. २ चा दर एवढा खाली आला. लहान कारखान्याला एका वाईट वर्षाची जन्मभर शिक्षा होऊ नये आणि एका चांगल्या वर्षाचे फुकट कौतुकही होऊ नये, एवढाच यातला मथितार्थ.

कोरी पाने

“आमच्या कारखान्यात तीस वर्षांत एकही स्फोट झाला नाही!” असे कोणी अभिमानाने सांगितले, तर काय समजायचे? गणित करून पाहू. समजा, दर वर्षी स्फोट होण्याची शक्यता दहात एक आहे. म्हणजे वर्ष निर्धोक जाण्याची शक्यता ०.९. तीस वर्षे लागोपाठ निर्धोक जाण्याची शक्यता काढायची, तर ०.९ ला स्वतःशी तीस वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे ०.०४. शंभर अशा धोकादायक कारखान्यांपैकी चार कारखाने तीस वर्षे सुखरूप काढतीलच. ‘तीस वर्षे काही झाले नाही’ एवढ्यावरून धोका दहात एकाहून कमी असावा, इतपतच म्हणता येते. पण दर वर्षी पन्नासात एक धोका आहे की हजारात एक, हे ही कोरी पाने सांगू शकत नाहीत. आणि शेकडो माणसांच्या जिवाचा प्रश्न असेल, तर पन्नासात एक हा धोकाही भयंकरच म्हटला पाहिजे.

म्हणून मोठ्या अपघाताची वाट न पाहता छोट्या घटनांकडे लक्ष द्यावे, हा विचार पुढे आला. अमेरिकेतील एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख याने १९३१ साली आपल्या पुस्तकात सांगितले, की एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि कोणालाही इजा न झालेले ३०० प्रसंग असतात. हे प्रमाण सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाही, अशी टीका पुढे झाली. पण ‘थोडक्यात वाचलो’ असे म्हणून सोडून दिलेला प्रसंग हीसुद्धा एक नोंद आहे, हे त्याने उद्योगांना शिकवले.

मात्र कोणत्या छोट्या घटना मोजायच्या, हेही कळले पाहिजे. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण ठार आणि १८० जखमी झाले. मृत सर्व कंत्राटी कामगार होते. त्याच दिवशी दुपारी कंत्राटदाराच्या लोकांना सुरक्षिततेच्या चांगल्या कामगिरीबद्दल मेजवानी देण्यात आली होती! कारखान्यातील घसरणे, कापणे, पडणे अशा इजांचा दर खरोखरच कमी होता. पण ज्या धुराड्यासारख्या नळीतून ज्वालाग्राही द्रव बाहेर उसळला, तिथून मागील दहा वर्षांत अनेकदा गंभीर गळती झालेली होती. इजांची वही स्वच्छ होती. गळतीची वही मात्र कोणी नीट वाचली नाही.

आपल्या देशाला हा धडा त्याआधीच फार मोठी किंमत देऊन मिळाला होता. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्या कारखान्यात १९८१ साली फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. धोक्याची नोंद होती, पण तिचा बोध घेतला गेला नाही. पुढे १९९१ साली कायदा होऊन, घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांना बाहेरच्या लोकांच्या नुकसानभरपाईसाठी विमा उतरवणे सक्तीचे झाले.

नोंदीतून नियम

वही नीट वाचली, तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बॉयलर. एकोणिसाव्या शतकात बॉयलर फुटणे ही नित्याची गोष्ट होती. १८६५ साली मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ या आगबोटीचे बॉयलर फुटून हजाराहून अधिक माणसे मेली. दुसऱ्याच वर्षी हार्टफर्ड येथे बॉयलरचा विमा उतरवणारी कंपनी निघाली. तिची पद्धत अशी, की हप्त्याच्या पैशांतून आधी तपासनीस पाठवायचे. बॉयलर तपासले गेले, फुटले त्यांची कारणे लिहिली गेली. साचलेला क्षार, झिजलेला पत्रा, सांध्यातील भेग, बिघडलेली सुरक्षा झडप अशी तीच ती कारणे पुनःपुन्हा येत राहिली. अशा अनुभवातूनच पुढे बॉयलरच्या बांधणीचे आणि तपासणीचे नियम तयार झाले. आपल्याकडे १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला आणि १८६४ साली तेथे तपासणीचा कायदा आला. सबंध देशासाठी १९२३ चा कायदा झाला. त्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली.

लपलेला पारा

आता पुन्हा आमच्या प्रयोगशाळेत येऊ, कारण ती गोष्ट अर्धीच राहिली. पट्टी ठोकल्यावर फुटतूट कमी झाली, पण थांबली नाही. तेव्हा आम्ही कापून घेण्याची रक्कम वाढवली. त्या वर्षी वहीत तापमापकाची एकही नोंद झाली नाही. आम्ही खूश झालो. दिवाळीच्या सुट्टीत फरशी घासताना परिचराने मला हाक मारली. फरशीच्या सांध्यांत पाऱ्याचे बारीक मणी चमकत होते. मुलांनी दंडाच्या भीतीने काचा गुपचूप खिशात घालून नेल्या होत्या आणि पारा तिथेच राहिला होता. पाऱ्याची वाफ श्वासावाटे शरीरात गेली, तर मज्जासंस्थेला अपाय करते. ज्या वर्षी आमची वही सर्वांत स्वच्छ होती, त्याच वर्षी आमची प्रयोगशाळा सर्वांत घातक होती.

दंड रद्द केला. वहीतील नावाचा रकाना काढून ‘कसे फुटले?’ असा रकाना घातला. नोंदी एकदम वाढल्या, आणि पारा मात्र दर वेळी लगेच गोळा होऊ लागला. विमा कंपन्यांपुढेही हाच पेच असतो. दावा न करणाऱ्याला हप्त्यात सूट दिली, तर काही जण काळजी घेतात आणि काही जण नुसती नोंद टाळतात. कागदावर दोघे सारखेच दिसतात.

शिक्षकांच्या मदतीने तुम्हीही आपल्या शाळेत अशी एक वही ठेवून पाहा. जिना, मैदान, प्रयोगशाळा, सायकलींचा तळ अशी ठिकाणे घ्या. तारीख, ठिकाण, काय झाले, कसे झाले एवढेच लिहा. थोडक्यात वाचलेले प्रसंग जरूर लिहा. नाव कोणाचेही लिहू नका. त्या ठिकाणी रोज साधारण किती मुले येतात, तेही मोजून ठेवा. छेद विसरायचा नाही. सहा महिन्यांनी वही उघडून बसा. तुमच्या शाळेतली निघालेली पट्टी कुठे आहे, ते बहुधा तिच्यात सापडेल.