पंपाची शोषनळी कशी बसवावी?

गव्हाला पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. या वेळचे पाणी चुकल्यास फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. नेमक्या अशा दिवसांत विहिरीवरील पंप पाणी कमी देऊ लागला, म्हणजे शेतकरी मोठ्या पंपाचा विचार करू लागतो. परंतु पुष्कळदा दोष पंपात नसून शोषनळीत, म्हणजे सक्शन पाइपात, असतो.

सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा फिरू लागला की पंपाच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि विहिरीतील पाण्यावरील हवेचा दाब पाण्यास नळीतून वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीस सुमारे 10.3 मीटर उंचीचे पाणी तोलतो. घर्षण व वळणे यांत त्यातील काही भाग खर्च होतो. म्हणून पंप पाण्याच्या पातळीपासून 6 मीटरांहून अधिक उंच बसवू नये.

सेकंदास 8 लिटर पाणी 65 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून 2.4 मीटर वेगाने धावते. 80 मिलिमीटरच्या नळीतून हाच वेग 1.6 मीटर होतो आणि घर्षण सुमारे एकतृतीयांशावर येते. यास्तव शोषनळी पंपाच्या तोंडाहून एक आकार मोठी घ्यावी. ती तोंडास जोडण्यासाठी एका बाजूने सपाट असलेला रिड्यूसर वापरावा व सपाट बाजू वर ठेवावी, म्हणजे तेथे हवा साचत नाही.

पंपाच्या तोंडाला लागूनच बेंड बसवू नये. वळणातून आलेले पाणी पंख्यावर सर्व बाजूंनी सारखे पडत नाही. मध्ये निदान 40 ते 60 सेंटीमीटर सरळ नळी असावी आणि बेंड मोठ्या वळणाचा घ्यावा. आडवी नळी पंपाकडे किंचित चढती ठेवावी. सर्व सांधे हवाबंद असावेत.

फूट व्हॉल्व्ह तळातील गाळापासून वर, परंतु पाण्यात पुरेसा बुडालेला असावा. पाण्यावर भोवरा दिसल्यास नळीत हवा शिरत आहे असे समजावे. जाळीत अडकलेला पालापाचोळा वेळोवेळी काढावा.

पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येत असल्यास त्याकडे दुर्लक्ष करू नये. पाणी अपुरे पडून तयार होणारे वाफेचे बुडबुडे फुटतात व पंखा झिजतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा ठिकाणी वीज बंद करवून प्रथम शोषनळी तपासून घ्यावी. एका बेंडाची जागा बदलल्याने काम भागत असेल, तर नव्या पंपाचा खर्च शेतकऱ्यावर पडू देऊ नये.