मुखवट्यामागचा खलनायक

अल्प भांडवलावर बोलपट काढूं पाहणाऱ्यास पहिली अडचण पडते ती नटांची. नामांकित खलनायकाचें मानधन परवडत नाहीं, आणि नवशिक्याचा चेहरा जवळून दाखविला कीं त्याचा नवखेपणा लपत नाहीं. या अडचणीवर मुखवटा हा जुना उपाय आहे. १९४६ सालच्या ‘द क्रिम्सन घोस्ट’ या बारा भागांच्या अमेरिकन चित्रमालिकेंतील खलनायक कवटीचा मुखवटा घालूनच वावरतो. हा उपाय लागू कसा पडतो, हें दुसऱ्या एका उदाहरणावरून पाहूं.

१९७८ सालीं ‘हॅलोवीन’ हा चित्रपट निघाला. दिग्दर्शक जॉन कारपेंटर यांच्या हातीं सुमारें ३ लक्ष डॉलर होते; हॉलिवुडच्या मानानें ही रक्कम तुटपुंजीच. कलाविभाग पाहणाऱ्या टॉमी ली वॉलेस यांनीं दुकानांतून २ डॉलरांहूनहि कमी किंमतीचा एक रबरी मुखवटा आणला. तो होता ‘स्टार ट्रेक’ मालिकेंतील कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा. वॉलेस यांनीं त्याच्या भुवया व कल्ले काढले, डोळ्यांचीं भोकें मोठीं केलीं आणि वर पांढरा रंग फवारला. ओळखीचा नट नाहींसा झाला. उरली ती एक निर्विकार मुद्रा.

तिची भीति कां वाटावी? आपण दुसऱ्याचा हेतु ताडतों तो त्याच्या मुद्रेवरून. राग दिसला तर क्षमा मागतां येते, लोभ दिसला तर कांहीं देऊं करतां येतें. मुद्रेवर कांहींच नसेल, तर त्या कोऱ्या जागेंत प्रेक्षकाचें मन आपलीच भीति भरतें.

दुसरा लाभ व्यवहाराचा. मुखवट्याआड प्रसंगानुरूप माणसें बदलतां येतात. या चित्रपटांत बहुतेक वेळां निक कॅसल हे मुखवट्याआड होते, कांहीं ठिकाणीं स्वतः वॉलेस उभे राहिले, आणि शेवटीं क्षणभर मुखवटा निघतो तेव्हां दिसणारा चेहरा टोनी मोरान यांचा आहे. ओठ दिसत नसल्यानें श्वासाचा आवाजहि मागाहून जोडतां येतो.

परंतु मुखवटा घातला म्हणजे अभिनयाची गरज सरली, असें समजूं नये. चेहऱ्याचें सारें काम आतां देहाला करावें लागतें. कॅसल यांची संथ, घाई नसलेली चाल आणि मान किंचित् कलती करून पाहणें, यांतच त्या पात्राचा दरारा आहे. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यांतहि मुखवट्यांत जीव येतो तो नाचणाऱ्याच्या पावलांनीं. शिवाय भर प्रकाशांत रबर हें रबरच दिसतें. म्हणून असें पात्र अंधारांतून, थोडा वेळ आणि दुरून दाखवावें. मुखवट्याआडून बाजूचें दिसत नाहीं, यास्तव झटापटीचे प्रसंग आधीं उघड्या चेहऱ्यानें नीट बसवून घ्यावे; काटकसरीपायीं कोणाच्या जिवाशीं खेळ होतां कामा नये.

या चित्रपटानें एकट्या अमेरिकेंत सुमारें ४ कोटी ७० लक्ष डॉलर मिळविले. तें यश पाहून पुष्कळांनीं मुखवटे विकत आणले. आपणांपैकीं कोणी हौशी मंडळी असा प्रयोग करणार असेल, तर तिनें बाजारांत जाण्यापूर्वीं आपल्या खलनायकाची चाल आधीं ठरवावी.