शेजारणीची साक्ष आणि तात्यांची पेन्शन

गेल्या महिन्यात आमच्या केंद्रावर एक आक्का आल्या होत्या. त्यांच्या आणि तात्यांच्या परवानगीनं, पण नावगाव न सांगता, आज त्यांचीच गोष्ट सांगतो आहोत.

तात्या त्यांचे शेजारी. तोफखान्यातून १९९० साली निवृत्त झाले. दोन्ही कानांनी त्यांना फारच कमी ऐकू येतं. इतकी वर्षं सोसलं, आता मुलानं अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज करायचं मनावर घेतलंय. जुन्या शेजाऱ्यांपैकी कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र जोडा, असं त्याला कुणी सांगितलं. त्यानं ते टाईप करूनच आणलं. आक्कांनी फक्त सही करायची होती.

कागदात लिहिलं होतं, ‘तोफांच्या आवाजाने यांच्या कानाच्या नसा निकामी झाल्या, हे मला माहीत आहे. लहानपणी यांना कानाचा कोणताही त्रास नव्हता.’ आक्का म्हणाल्या, “नसांचं मला काय कळतंय? आणि बारकेपणी हिरीत पोहून त्यांचा कान फुटलेला, त्यो मला ध्यानात हाय. सही करू का नको?”

वैनींनी त्यांना हात जोडून सांगितलं होतं, कानाचं तेवढं काढू नका. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार. सही केली तर खोटं, नाही केली तर वैर. अशा पेचात आपल्यापैकी कुणीही सापडू शकते. म्हणून ही पेन्शन ठरते कशी, ते आधी समजून घेऊ.

जवान नोकरीतून बाहेर पडताना लष्कराचे डॉक्टर त्याची तपासणी करतात. त्याला मेडिकल बोर्ड म्हणतात. बोर्ड मुख्यतः दोन गोष्टी लिहितं. अपंगत्व किती टक्के आहे आणि त्याचा नोकरीशी संबंध आहे की नाही. पेन्शनसाठी अपंगत्व साधारणपणे किमान २० टक्के लागतं. शिवाय ते नोकरीमुळं आलेलं किंवा नोकरीमुळं वाढलेलं असावं लागतं. तात्यांच्या कागदावर बहिरेपणाची नोंद आहे, पण पुढं ‘नोकरीशी संबंध नाही’ असा शेरा आहे. सगळा वाद त्या शेऱ्याचा.

तात्यांच्या काळाला १९८२ चे नियम लागू होतात. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा धडधाकट होता असं धरायचं आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा, असं ते नियम सांगतात. धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली हेच ठामपणे सांगितलं. ते १९८५ ला सैन्यात गेले होते आणि फिट्‌सच्या आजारामुळं १९९४ ला त्यांना घरी पाठवलं होतं. आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्यासारखा नव्हता असं बोर्डाचं म्हणणं असेल, तर त्याची कारणं बोर्डानं द्यायला हवीत. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते पाहावेत.)

मग शेजारणीच्या साक्षीचं काम काय? ती डॉक्टरांच्या जागी उभी राहू शकत नाही. टक्के ती ठरवत नाही, कारणही ठरवत नाही. मुख्य पुरावा म्हणजे रेकॉर्ड ऑफिसमधले नोकरीचे आणि दवाखान्याचे कागद. पण वर्षातून एकदा रजेवर येणारा माणूस आधी कसा होता आणि पुढं कसा होत गेला, ते कागदात नसतं. ते भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईनं पाहिलेलं असतं.

आम्ही आक्कांना एवढंच विचारलं, तुम्ही स्वतः काय पाहिलंत? त्या बोलत गेल्या. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली तात्या भरती झाले. त्याआधी ते भजनात टाळ धरायचे, ठेका कधी चुकायचा नाही. इंदिरा गांधी गेल्या त्या सालच्या रजेत ते दारात बसले होते आणि आक्का पाठीमागून हाका मारत होत्या, तरी वळून बघेनात. पुढच्या रजांमध्ये भजनाला जायचंच त्यांनी सोडलं. वैनी त्यांना हाक मारत नाहीत, खांद्याला हात लावतात.

बायकांना तारखा आठवत नाहीत असं म्हणतात. आठवतात की! बारसं, लग्न, दुष्काळ, भूकंप यांना धरून आठवतात. दुष्काळानंतरचं साल म्हणजे १९७३, इंदिरा गांधी गेल्या ते १९८४. कागदावर तसंच लिहायचं, खूण आणि साल दोन्ही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं सांभाळा. आपण त्या माणसाला केव्हापासून आणि कसं ओळखतो, ते सुरुवातीला लिहा. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. ‘हे वैनींनी मला सांगितलं’ असं स्पष्ट म्हणा. रोगाचं नाव आणि कारण डॉक्टरांवर सोडा. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नको. प्रतिज्ञापत्र शपथेवरचं असतं. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे.

राहिला फुटलेला कान. आम्ही वैनींनाही बोलावलं. लहानपणी कान फुटला म्हणून दावा आपोआप बुडत नाही. पुढं भरतीच्या डॉक्टरांनी तात्यांना तपासून पास केलं होतं. आक्कांनी ते लपवलं आणि नंतर दुसरीकडून बाहेर आलं, तर मात्र त्यांच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. वैनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “लिवा. पन त्यो बरा झालता, ते बी लिवा.”

नवा कागद दीड पानाचा झाला. त्यात आक्कांनी लिहिलं, ‘लहानपणी एकदा कान फुटला होता, तो बरा झाला. त्यानंतर भरतीपर्यंत त्यांना नीट ऐकू येत होते, हे मी रोज पाहिले आहे.’ नसांचं वाक्य गेलं. तात्यांनी तो कागद स्वतः वाचला आणि टाळाचं आलं तिथं हसले.

अर्ज कसा करायचा, रेकॉर्ड ऑफिसकडून कागद कसे मागवायचे, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि मेडिकल बोर्डाचा कागद बरोबर न्या. अर्ज नामंजूर झाला तर अपील करता येतं, आणि पुढं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईलाही आहे. उशीर मात्र करू नका. जुन्या प्रकरणात थकबाकी बरेचदा मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. तात्यांची कितीतरी वर्षं तशीच गेली.

त्यांचा अर्ज गेला आहे, उत्तर अजून यायचं आहे. आलं की याच कार्यक्रमात सांगू. तुमच्या शेजारी असे कुणी तात्या असतील, तर त्यांची डिस्चार्ज बुक कुठं ठेवली आहे, तेवढं आज विचारून या.